दक्षिण आफ्रिका क्रिकेट संघाचा भारत दौरा, १९९१–९२

दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट संघ नोव्हेंबर १९९१ मध्ये तीन एकदिवसीय सामने खेळण्यासाठी भारताच्या दौऱ्यावर आला होता. १० ते १४ नोव्हेंबर या पाच दिवसांत कलकत्ता (आताचे कोलकाता), ग्वाल्हेर आणि दिल्ली येथे हे सामने झाले. भारताने मालिका २–१ अशी जिंकली. वर्णभेदाच्या धोरणामुळे १९७० पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटबाहेर असलेल्या दक्षिण आफ्रिकेची ही पहिली अधिकृत मालिका होती. कलकत्त्याचा सामना हा त्या देशाच्या इतिहासातील पहिलाच एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना ठरला. भारत आणि दक्षिण आफ्रिका हे दोन देश क्रिकेटच्या मैदानावर अधिकृतपणे प्रथमच समोरासमोर आले, तेही याच दौऱ्यात.

दौऱ्यात एकही कसोटी सामना नव्हता. भारताचे नेतृत्व मोहम्मद अझरुद्दीन यांनी, तर दक्षिण आफ्रिकेचे क्लाइव्ह राइस यांनी केले.

दौऱ्याचा गोषवारा

यजमान: भारत
पाहुणा संघ: दक्षिण आफ्रिका
कालावधी: १० ते १४ नोव्हेंबर १९९१
संघनायक: मोहम्मद अझरुद्दीन (भारत), क्लाइव्ह राइस (दक्षिण आफ्रिका)
सामने: ३ एकदिवसीय
निकाल: भारत २–१ ने विजयी
मालिकेत सर्वाधिक धावा: केप्लर वेसल्स (दक्षिण आफ्रिका), २११

पार्श्वभूमी

भारत आणि दक्षिण आफ्रिका

नाताळ प्रांतातील उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी करारबद्ध भारतीय मजुरांची पहिली तुकडी नोव्हेंबर १८६० मध्ये डर्बन बंदरात उतरली. त्यांच्यामागून व्यापारी, कारागीर आणि खलाशी गेले. केपटाउन परिसरात स्थायिक झालेल्या कोकणी मुसलमानांची मूळ गावे रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांच्या किनारपट्टीत आहेत. या सर्व लोकांना गोऱ्या राज्यकर्त्यांनी कर, परवाने आणि वस्तीबंदीचे कायदे लावले. त्याविरुद्ध मोहनदास करमचंद गांधी यांनी उभारलेला सत्याग्रह सर्वपरिचित आहे.

या लढ्याला पाठबळ देण्यासाठी गोपाळ कृष्ण गोखले यांनी ऑक्टोबर–नोव्हेंबर १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला. चिपळूणशेजारच्या गुहागर तालुक्यातील कोतळूक हे गोखले यांचे जन्मगाव होय. तेथील कोकणी मुसलमान आणि महाराष्ट्रीय श्रोत्यांसमोर गोखले मराठीतून बोलले आणि त्या भाषणांचे भाषांतर गांधींनी स्वतः केले, अशी आठवण गांधींनी दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासात नोंदविली आहे.

पुढे १९४६ मध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापारी संबंध तोडले आणि तेथील भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. वर्णभेदाविरुद्ध असे पाऊल उचलणारा भारत हा पहिला देश होता. भारतीय पारपत्र दक्षिण आफ्रिका वगळून अन्य देशांसाठीच वैध असे आणि तसा उल्लेख त्यावर छापलेला असे. दोन्ही देशांमध्ये थेट विमानसेवा नव्हती. खेळाच्या बाबतीतही हेच धोरण होते. १९७४ मध्ये डेव्हिस चषक टेनिस स्पर्धेच्या अंतिम फेरीत भारताची गाठ दक्षिण आफ्रिकेशी पडणार होती. भारताने ही लढत खेळण्यास नकार दिला आणि चषकावर पाणी सोडले.

क्रिकेटमध्येही भारताने कठोर भूमिका घेतली. दक्षिण आफ्रिकेत खेळून आलेल्या परदेशी खेळाडूंना भारतात प्रवेश द्यावा काय, हा वाद वारंवार उद्भवत असे. १९८१–८२ च्या इंग्लंड दौऱ्यापूर्वी जेफ बॉयकॉट आणि जेफ कुक यांच्या निवडीवरून असाच पेच निर्माण झाला होता. १९८८ मध्ये ग्रॅहम गूच संघनायक असलेल्या इंग्लंड संघातील काही खेळाडूंच्या दक्षिण आफ्रिकी संबंधांमुळे त्यांना प्रवेशपत्रे नाकारण्यात आली आणि तो संपूर्ण दौरा रद्द झाला. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत दक्षिण आफ्रिकेचाच संघ भारताचा पाहुणा झाला, हे या दौऱ्याचे वैशिष्ट्य होय.

दक्षिण आफ्रिकेचा बहिष्कार

१९७० पर्यंत दक्षिण आफ्रिकेने इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तीनच देशांशी कसोटी क्रिकेट खेळले. भारत, पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्याशी त्यांचा एकही सामना झाला नाही. देशातील कृष्णवर्णीय, मिश्रवर्णीय आणि भारतीय वंशाच्या खेळाडूंना राष्ट्रीय संघाचे दार बंद होते. १९२९ मध्ये कुमार श्री दुलीपसिंहजी यांनी इंग्लंडकडून दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पहिला कसोटी सामना खेळला. मात्र त्या मालिकेतील उरलेल्या सामन्यांत त्यांना वगळण्यात आले. पाहुण्या संघाच्या नाराजीमुळे असे घडले, असे सामान्यतः मानले जाते.

बहिष्काराला निर्णायक वळण १९६८ मध्ये मिळाले. केपटाउनमध्ये जन्मलेले मिश्रवर्णीय खेळाडू बेसिल डॉलिव्हेरा स्वदेशात संधी नसल्याने इंग्लंडला गेले आणि इंग्लंडकडून कसोटी खेळू लागले. दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यासाठी इंग्लंडच्या संघात त्यांचा समावेश होताच पंतप्रधान फोर्स्टर यांनी त्या संघाला प्रवेश नाकारला. इंग्लंडने दौरा रद्द केला. मार्च १९७० मध्ये पोर्ट एलिझाबेथ येथे दक्षिण आफ्रिकेने ऑस्ट्रेलियाविरुद्धची मालिका ४–० अशी जिंकली. त्यानंतर तिचे इंग्लंड (१९७०) आणि ऑस्ट्रेलिया (१९७१–७२) हे नियोजित दौरे रद्द झाले आणि संघ आंतरराष्ट्रीय क्रिकेटबाहेर फेकला गेला. १९७७ च्या ग्लेनईगल्स कराराने राष्ट्रकुलातील देशांनी दक्षिण आफ्रिकेशी क्रीडासंबंध न ठेवण्याचे मान्य केले.

या एकवीस वर्षांत अनेक श्रेष्ठ खेळाडूंची उमेदीची वर्षे वाया गेली. ग्रॅम पोलॉक यांची कारकीर्द २३ कसोटींवर थांबली, माइक प्रॉक्टर यांची ७ वर आणि बॅरी रिचर्ड्स यांची ४ वर. वर्णाने गोरे नसलेल्या खेळाडूंची हानी मात्र आकड्यांत मांडता येत नाही. कारण त्यांच्या नावावर एकाही कसोटीची नोंद होऊ शकली नाही. त्यांचे क्रिकेट वेगळ्या संघटनांच्या छत्राखाली, अपुऱ्या मैदानांवर आणि वृत्तपत्रांच्या दुर्लक्षात चालू राहिले. विषम समाजात समतेचा खेळ होऊ शकत नाही, ही वंशभेदविरोधी क्रीडा चळवळीची भूमिका होती. १९८२ ते १९९० या काळात इंग्लंड, श्रीलंका, वेस्ट इंडीज आणि ऑस्ट्रेलिया येथील खेळाडूंचे बंडखोर संघ भरपूर मानधन घेऊन दक्षिण आफ्रिकेत खेळून गेले. हे सामने अधिकृत मानले गेले नाहीत आणि त्यांत भाग घेणाऱ्या खेळाडूंवर त्यांच्या मंडळांनी बंदी घातली.

पुनःप्रवेश

फेब्रुवारी १९९० मध्ये नेल्सन मंडेला यांची कारागृहातून मुक्तता झाली. जून १९९१ मध्ये जन्मतः वर्ण नोंदविणारा लोकसंख्या नोंदणी कायदा रद्द करण्यात आला. त्याच महिन्याच्या २९ तारखेला गोऱ्यांची क्रिकेट संघटना आणि वंशभेदविरहित क्रिकेट मंडळ यांचे विलीनीकरण होऊन ‘युनायटेड क्रिकेट बोर्ड ऑफ साउथ आफ्रिका’ स्थापन झाले. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे नेते स्टीव्ह त्श्वेते यांनी या एकीकरणात मध्यस्थी केली. नव्या मंडळाचे व्यवस्थापकीय संचालक अली बाखर होते.

१० जुलै १९९१ रोजी लंडन येथील बैठकीत आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने दक्षिण आफ्रिकेला पुन्हा सदस्यत्व दिले. हा प्रस्ताव भारताने मांडला होता. वेस्ट इंडीजने मतदानात भाग घेतला नाही. बहिष्काराचा आरंभ करणाऱ्या देशानेच तो मागे घेण्याची सूचना करावी, याला विशेष अर्थ होता. ऑक्टोबरमध्ये १९९२ च्या विश्वचषक स्पर्धेत सहभागी होण्याची परवानगीही दक्षिण आफ्रिकेला मिळाली.

दौऱ्याचे आयोजन

१९९१ च्या उत्तरार्धात पाकिस्तानचा संघ भारतात एकदिवसीय सामने खेळण्यासाठी येणार होता. या दौऱ्यास शिवसेनेने विरोध केला आणि ऑक्टोबर १९९१ मध्ये तिच्या कार्यकर्त्यांनी मुंबईच्या वानखेडे मैदानाची खेळपट्टी उखडली. पाकिस्तानचा दौरा रद्द झाला आणि भारताच्या वेळापत्रकात ऐन हंगामात पोकळी निर्माण झाली. ही पोकळी भरून काढण्यासाठी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने दक्षिण आफ्रिकेला निमंत्रण दिले. मंडळाचे अध्यक्ष माधवराव शिंदे होते. जगमोहन दालमिया यांनीही आयोजनात पुढाकार घेतला. शिंदे हे त्या वेळी केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रीही होते.

दौरा अल्पावधीत ठरला. दक्षिण आफ्रिकेच्या मंडळाला निवड आणि प्रवास यांची तयारी घाईने करावी लागली. संघ जोहान्सबर्गहून विशेष विमानाने कलकत्त्याला आला. डमडम विमानतळापासून शहरापर्यंत रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्या जनसमुदायाने त्याचे स्वागत केले. कलकत्त्यातील मुक्कामात पाहुण्यांनी मदर तेरेसा यांची भेट घेतली.

या दौऱ्याचा एक आर्थिक परिणामही झाला. दक्षिण आफ्रिकेतील प्रेक्षकांना हे सामने दाखविण्यासाठी तेथील मंडळाने प्रक्षेपणाच्या हक्कांची विचारणा केली. तोपर्यंत भारतात क्रिकेटचे प्रक्षेपण दूरदर्शन करीत असे आणि त्या हक्कांना बाजारात किंमत आहे, ही कल्पना मंडळाच्या व्यवहारात रुजलेली नव्हती. हक्कविक्रीतून मिळालेल्या रकमेने ही जाणीव करून दिली. १९९३ च्या हीरो चषकावेळी प्रक्षेपणावरून बंगाल क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद झाला. फेब्रुवारी १९९५ मध्ये ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांवर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. भारतीय क्रिकेटच्या पुढील आर्थिक भरभराटीची सुरुवात अनेक जण या दौऱ्यापासून मोजतात.

संघ

दक्षिण आफ्रिकेच्या संघात केप्लर वेसल्स यांचा अपवाद वगळता अधिकृत एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना खेळलेला एकही खेळाडू नव्हता. डावखुरे सलामीवीर वेसल्स पूर्वी ऑस्ट्रेलियाकडून खेळत. या दौऱ्यामुळे दोन देशांकडून एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळणारे ते पहिले खेळाडू ठरले. अन्य खेळाडू आंतरराष्ट्रीय क्रिकेटला नवखे असले तरी अननुभवी नव्हते. राइस यांनी इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशायरचे नेतृत्व करून १९८१ आणि १९८७ मध्ये कौंटी अजिंक्यपद मिळविले होते. जिमी कुक सॉमरसेटकडून आणि वेगवान गोलंदाज अ‍ॅलन डोनाल्ड वॉरिकशायरकडून खेळत. पीटर कर्स्टन, एड्रियन कायपर, अँड्र्यू हडसन, ब्रायन मॅकमिलन, रिचर्ड स्नेल, टिम शॉ आणि यष्टिरक्षक डेव्ह रिचर्डसन हे अन्य प्रमुख खेळाडू होते.

संघनायक राइस दौऱ्याच्या वेळी ४२ वर्षांचे होते. १९७१–७२ च्या रद्द झालेल्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी त्यांची निवड झाली होती. म्हणजे देशाची टोपी डोक्यावर येण्यासाठी त्यांना आणखी वीस वर्षे थांबावे लागले. चंद्रावर उभे राहताना नील आर्मस्ट्राँग यांना काय वाटले असेल ते आता कळते, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत.

प्रत्यक्ष खेळलेले दक्षिण आफ्रिकेचे सर्व खेळाडू गोरे होते. अनुभव मिळावा म्हणून हॅन्सी क्रोनिए, डेरेक क्रुक्स, हुसेन मनाक आणि फाइक डेव्हिड्स हे चार तरुण खेळाडू संघासोबत आले होते. त्यांपैकी दोघे गोरे आणि दोघे गौरेतर होते. या चौघांना सामन्यांत खेळविण्यात आले नाही.

भारतीय संघात अझरुद्दीन यांच्यासह रवी शास्त्री, कृष्णम्माचारी श्रीकांत, नवज्योतसिंग सिद्धू, संजय मांजरेकर, सचिन तेंडुलकर, प्रवीण आमरे, कपिल देव, मनोज प्रभाकर, यष्टिरक्षक किरण मोरे, वेंकटपती राजू आणि जवागल श्रीनाथ यांचा समावेश होता. शास्त्री, मांजरेकर, तेंडुलकर आणि आमरे हे चौघे मुंबईच्या मैदानांवर घडलेले फलंदाज होते. तेंडुलकर आणि आमरे हे दोघेही शिवाजी पार्कचे प्रशिक्षक, मूळचे मालवणचे रमाकांत आचरेकर यांचे शिष्य.

एकदिवसीय मालिका

१ला सामना

१० नोव्हेंबर १९९१, ईडन गार्डन्स, कलकत्ता
दक्षिण आफ्रिका १७७/८ (४७ षटके)
भारत १७८/७ (४०.४ षटके)
भारत ३ गडी राखून विजयी
सामनावीर: अ‍ॅलन डोनाल्ड आणि सचिन तेंडुलकर (विभागून)

भारताने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण स्वीकारले. ईडन गार्डन्स प्रेक्षकांनी खचाखच भरले होते. एवढ्या मोठ्या समुदायापुढे खेळण्याचा प्रसंग बहुतेक पाहुण्या खेळाडूंवर प्रथमच आला होता. हडसन यांना खातेही उघडता आले नाही. कपिल देव यांच्या गोलंदाजीवर त्यांचा झेल मोरे यांनी टिपला. वेसल्स (५०) आणि कायपर (४३) यांनी डाव सावरला. तरीही भारतीय गोलंदाजांनी धावगती आटोक्यात ठेवली आणि पाहुण्यांना १७७ धावांवर रोखले.

लक्ष्य माफक होते; परंतु डोनाल्ड यांच्या वेगापुढे भारताची आघाडी कोसळली. शास्त्री शून्यावर परतले, पाठोपाठ सिद्धू आणि मांजरेकर बाद झाले. धावफलकावर ३ बाद २० आणि मग ४ बाद ६० अशी अवस्था झाली. अशा वेळी १८ वर्षांचे तेंडुलकर आणि पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना खेळणारे आमरे एकत्र आले. त्यांनी पाचव्या गड्यासाठी ५६ धावा जोडल्या. तेंडुलकर यांनी ६२ आणि आमरे यांनी ५५ धावा केल्या. भारताने ३८ चेंडू राखून विजय मिळविला.

डोनाल्ड यांनी २९ धावांत ५ गडी बाद केले. एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यात डावात पाच बळी घेणारे ते दक्षिण आफ्रिकेचे पहिले गोलंदाज होत. पराभूत झालेल्या संघालाही प्रेक्षकांनी टाळ्यांच्या गजरात निरोप दिला.

२रा सामना

१२ नोव्हेंबर १९९१, कॅप्टन रूपसिंग स्टेडियम, ग्वाल्हेर
भारत २२३/६ (४५ षटके)
दक्षिण आफ्रिका १८५/८ (४५ षटके)
भारत ३८ धावांनी विजयी
सामनावीर: कृष्णम्माचारी श्रीकांत

ग्वाल्हेर ही शिंदे घराण्याची राजधानी. या घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेड. मंडळाचे अध्यक्ष माधवराव शिंदे याच घराण्यातील असल्याने हा सामना एका अर्थाने त्यांच्या घरच्या अंगणात झाला. मैदानाला हॉकीपटू रूपसिंग यांचे नाव असून ते ध्यानचंद यांचे बंधू होत. येथे पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना जानेवारी १९८८ मध्ये झाला होता.

सामना प्रत्येकी ४५ षटकांचा झाला. श्रीकांत यांनी ६८ धावा केल्या, सिद्धू यांनीही अर्धशतक झळकावले आणि मांजरेकर ५२ धावांवर नाबाद राहिले. डोनाल्ड यांनी पुन्हा ३ गडी बाद केले. उत्तरादाखल वेसल्स यांनी ७१ धावा केल्या. परंतु दुसऱ्या बाजूने त्यांना पुरेशी साथ लाभली नाही. डावखुरे फिरकी गोलंदाज राजू यांनी ३ बळी घेतले. फिरकीला पोषक संथ खेळपट्ट्यांवर खेळण्याची पाहुण्यांना सवय नव्हती आणि ही उणीव या सामन्यात विशेष जाणवली. या विजयासह भारताने मालिकेत २–० अशी निर्णायक आघाडी घेतली.

३रा सामना

१४ नोव्हेंबर १९९१, जवाहरलाल नेहरू स्टेडियम, दिल्ली (दिवस-रात्र)
भारत २८७/४ (५० षटके)
दक्षिण आफ्रिका २८८/२ (४६.४ षटके)
दक्षिण आफ्रिका ८ गडी राखून विजयी

पंडित नेहरूंच्या जयंतीदिनी, त्यांचेच नाव असलेल्या क्रीडासंकुलात हा सामना प्रकाशझोतात खेळला गेला. शास्त्री यांनी १०९ आणि मांजरेकर यांनी १०५ धावा केल्या. १०९ ही शास्त्री यांची एकदिवसीय कारकिर्दीतील सर्वोच्च धावसंख्या ठरली. मांजरेकर यांच्या कारकिर्दीतील हे एकमेव एकदिवसीय शतक होय. त्या काळी २८७ ही धावसंख्या विजयास पुरेशी मानली जाई.

मात्र दक्षिण आफ्रिकेच्या फलंदाजांनी ती सहज ओलांडली. वेसल्स यांनी ९० धावा करून पाया घातला. कर्स्टन (नाबाद ८६) आणि कायपर (नाबाद ६३) यांनी फटकेबाजी करीत २० चेंडू शिल्लक असतानाच विजय साकारला. दक्षिण आफ्रिकेचा हा पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय विजय होय.

याच मैदानावर २८ सप्टेंबर १९८४ रोजी भारतातील पहिला दिवस-रात्र एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना झाला होता. त्या सामन्यात वेसल्स यांनी ऑस्ट्रेलियाकडून खेळताना १०७ धावा केल्या होत्या. सात वर्षांनी त्याच मैदानावर ते मायदेशाच्या विजयाचे शिल्पकार ठरले. जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर पुरुषांचे हे दोनच एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामने झाले.

प्रतिक्रिया आणि वाद

भारतातील स्वागत उत्स्फूर्त असले तरी दौऱ्याविषयी मतभेद होते. नोव्हेंबर १९९१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाचे अनेक कायदे रद्द झाले होते. पण बहुसंख्य कृष्णवर्णीयांना मताधिकार मिळालेला नव्हता आणि सत्ता गोऱ्यांच्याच हाती होती. भारताने तिच्याशी राजनैतिक संबंधही पुनःस्थापित केलेले नव्हते. राज्यघटना बदलण्यापूर्वीच खेळाचे दार उघडणे म्हणजे दबावाचे एक प्रभावी साधन हातचे घालविणे होय, असे बहिष्काराच्या समर्थकांपैकी काहींना वाटत होते. मैदानात उतरलेला संघ पूर्णतः गोरा होता, हेही त्यांच्या आक्षेपाला बळ देणारे होते.

दुसऱ्या बाजूने असे मांडले जात होते की, क्रिकेट संघटनांचे एकीकरण आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या सहभागाने झाले आहे. बहिष्काराचा हेतू क्रिकेटपुरता तरी साधला असताना त्याला प्रतिसाद न दिल्यास समेटासाठी झटणाऱ्यांचे हात दुबळे होतील, असा हा युक्तिवाद होता. मंडेला यांनीही दक्षिण आफ्रिकेच्या विश्वचषकातील सहभागास अनुकूलता दर्शविली होती. ज्यांच्यासाठी बहिष्कार होता त्यांच्या प्रतिनिधींनीच संमती दिल्यामुळे भारताची भूमिका नैतिकदृष्ट्या भक्कम झाली. तरीही संघटना एक होणे आणि संघात सर्वांना स्थान मिळणे यांत मोठे अंतर होते. ते भरून निघण्यास आणखी बरीच वर्षे लागली.

पुढील घडामोडी

दौऱ्यानंतर तीनच महिन्यांनी १९९२ ची विश्वचषक स्पर्धा सुरू झाली. तिच्यासाठी राइस आणि कुक यांची निवड झाली नाही आणि नेतृत्व वेसल्स यांच्याकडे गेले. राइस यांची अधिकृत आंतरराष्ट्रीय कारकीर्द भारतातील तीन सामन्यांपुरतीच राहिली. त्यांत त्यांनी २६ धावा केल्या आणि २ गडी बाद केले. जुलै २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. दक्षिण आफ्रिकेने विश्वचषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली. सिडनी येथे इंग्लंडविरुद्धच्या त्या सामन्यात पावसाच्या नियमामुळे त्यांच्यासमोर एका चेंडूत अशक्य धावसंख्येचे लक्ष्य उरले आणि ते स्पर्धेबाहेर पडले. एप्रिल १९९२ मध्ये ब्रिजटाउन येथे वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी २२ वर्षांनंतरचा पहिला कसोटी सामना खेळला.

१९९२–९३ मध्ये भारतीय संघ परतभेटीसाठी दक्षिण आफ्रिकेला गेला. हा दौरा ‘मैत्री दौरा’ म्हणून ओळखला जातो. नोव्हेंबर १९९२ मध्ये पहिली कसोटी डर्बन येथे, म्हणजे भारतीय मजूर प्रथम उतरलेल्या शहरात झाली. या सामन्यात आमरे यांनी कसोटी पदार्पणातच १०३ धावांची खेळी केली. तेंडुलकर हे तिसऱ्या पंचाच्या निर्णयाने धावबाद ठरविले गेलेले पहिले फलंदाज ठरले, तेही याच सामन्यात. दक्षिण आफ्रिकेकडून ४० वर्षांच्या ओमार हेन्री यांनी पदार्पण केले. पुनःप्रवेशानंतर कसोटी खेळणारे ते पहिले गौरेतर दक्षिण आफ्रिकी खेळाडू होत. दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध नोव्हेंबर १९९३ मध्ये पूर्ववत झाले आणि एप्रिल १९९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सर्व नागरिकांच्या मताधिकारावर आधारित पहिली निवडणूक झाली.

महत्त्व

क्रिकेटच्या दृष्टीने पाहता ही पाच दिवसांत संपलेली तीन सामन्यांची छोटी मालिका होती. तिचा निकाल फारसा कोणाच्या स्मरणात नाही. तिचे महत्त्व तिच्या आधीच्या आणि नंतरच्या घटनांत आहे. दक्षिण आफ्रिकेशी संबंध तोडणाऱ्यांत सर्वप्रथम असलेल्या भारताने तिला क्रिकेटविश्वात परत आणण्याचा प्रस्ताव मांडला आणि तिचे पहिले यजमानपदही स्वीकारले. बहिष्कार हा सूड नसून समतेसाठी वापरलेले साधन आहे, ही भूमिका या कृतीतून स्पष्ट झाली.

मालिकेतील मैदानांना पुढेही या दोन देशांच्या क्रिकेट-इतिहासात स्थान मिळाले. ग्वाल्हेरच्या मैदानावर २४ फेब्रुवारी २०१० रोजी तेंडुलकर यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २०० धावा केल्या. पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधील ते पहिले द्विशतक होय.

२८ नोव्हेंबर २००४ रोजी ईडन गार्डन्सवर सुरू झालेल्या भारताविरुद्धच्या कसोटीत डर्बनच्या हाशिम आमला यांनी दक्षिण आफ्रिकेकडून पदार्पण केले. मूळ गुजराती असलेल्या कुटुंबात जन्मलेले आमला हे दक्षिण आफ्रिकेकडून कसोटी खेळणारे पहिले भारतीय वंशाचे खेळाडू होत. २०१४ मध्ये ते त्या देशाच्या कसोटी संघाचे नायक झाले. १९९१ मध्ये याच मैदानावर उतरलेल्या दक्षिण आफ्रिकी संघात भारतीय वंशाचा एकही खेळाडू नव्हता.